स्वतः पकडलेला मासा

"गांडूळ आहे ते, साप नाही! लाव गळाला," नदीकाठी मासे धरायला शिकवणारा गावचा न्हावी खेकसला.

धाकट्याने दातओठ खात गांडूळ गळाला लावलं. अर्धं आयुष्य थोरल्या भावाच्या दुकानात मासे विकण्यात गेलं होतं, पण स्वतः पकडलेला एकही नव्हता. गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकावरून दोघा भावांची जुंपली, तेव्हा थोरल्याने चारचौघांत नेमकं तेच काढलं.

"विकायला काय, कोणीही विकतं! एक मासा स्वतः पकडून आईला खाऊ घाल, मगच दुकानात पाय ठेव!"

"घालीन! तोवर तुझ्या दुकानातलं खवलंसुद्धा माझ्या घरात येणार नाही!"

दोघेही एक नंबरचे हट्टी. मरण मात्र आईचं. ती धाकट्याकडे राहायची, आजारातून नुकती उठली होती आणि माशाशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तिचं भरलेलं ताट परत जाताना पाहिलं की धाकट्याचं डोकं फिरायचं, आणि सगळा राग निघायचा गळावर.

"दोरीला हिसके देऊ नकोस," न्हावी म्हणाला. "पाण्यात मासा आहे, तुझा भाऊ नाही."

गांडुळं संपली. न्हाव्याने काठी स्वतःकडे घेतली आणि धाकट्याला झाडामागची ओली माती उकरायला पिटाळलं. तो चांगलाच लांब गेला होता, तेवढ्यात हाक आली.

"अरे धाव! लागलाय!"

धाकट्याने धावत येऊन काठी ओढली. हातभर मासा काठावर येऊन पडला. साधा तडफडलाही नाही.

"दमवलाय मी त्याला," न्हावी घाईघाईने म्हणाला. "बघत काय बसलास? पळ घरी!"

धाकटा आधी दुकानात गेला. शेपटीला धरून त्याने मासा थोरल्यापुढे नाचवला.

"हा बघ! डोळे फाडून बघ!"

थोरल्याने मानही वर केली नाही. "बरं. आईला खाऊ घाल. उद्यापासून ये कामावर."

शाबास म्हणायला याची जीभ झडते! धाकटा वाटभर धुमसत घरी आला आणि मासा आईच्या पुढ्यात टाकला.

"घे. माझ्या हातचा आहे."

आईचा चेहरा उजळला. तिने सुरी घेऊन माशाचं पोट चिरलं. आत काहीच नव्हतं. आतडी कल्ल्यांतून काढून पोट आतून स्वच्छ धुतलेलं होतं, थोरला रोज गिऱ्हाइकांना करून देतो तसं.