म्हशीचं कन्नड

"म्हशीला कन्नडात काय म्हणलं की ती पान्हा सोडतीय?"

सरुबाईनं हे एकट्यादुकट्याला विचारलं नाही. खटकचिंचोळीहून हुमनाबादला निघालेल्या म्हैसूर सरकारच्या बसमध्ये, वांग्यांची पाटी पायाशी ठेवून, मधोमध उभं राहून तिनं सगळ्या बसला विचारलं.

बसला याची सवय होती. बाजाराच्या दिवशी सरुबाई चढली की तिच्याबरोबर एक प्रश्नही चढायचा. कोंबडी पाणी पिताना वर का बघते? कांदा चिरणारीला रडू येतं, मग खाणाऱ्याला का येत नाही? पुढच्या बाकावरून एक उत्तर यायचं, मागच्यावरून तीन, आणि हुमनाबाद येईपर्यंत चांगलं भांडण जुंपलेलं असायचं. त्यातलं जे पटेल ते सरुबाई घरी न्यायची.

आज मात्र ती हसत नव्हती. सून पोटुशी होती, तिच्या तोंडाला दूध लागावं म्हणून आळंदकडून म्हैस आणली होती. रेडकू दगावलं आणि म्हैस दूध चोरू लागली. पेंड झाली, चुचकारणं झालं. सरुबाईच्या नवऱ्यानं, गुंडेरावांनी, आपलं भाव करण्यापुरतं कन्नड वापरून पाहिलं, तर त्यांना लाथ बसली. येत्या बाजारात म्हैस विकायची, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. सून दिवसेंदिवस वाळत चालली होती. म्हैस विकायची नाही आणि दूध काढायचंच, असं सरुबाईनं ठरवलं होतं.

"'हालु कुडव्वा' म्हन," कंडक्टर तिप्पण्णा तिकीट फाडत म्हणाला. "हालु म्हंजे दूध."

"म्हणून बगितलं. हालु न्हाई, माजेच हाल व्हायलेत."

बस हसली.

"पाठीवर हात फिरवत 'बा, बा' म्हणायचं, ये, ये," पुढच्या बाकावरचा हणमंतप्पा म्हणाला.

"आमच्याकडं तर शीळ घालतेत," मागून कोंडाबाई ओरडली.

"बाईमाणसानं शीळ घालायची व्हय?"

"मग म्हशीला काय कळतंय, बाई हाय का गडी?"

"तिला कन्नड तरी काय कळतंय!" कुणीतरी म्हणालं आणि त्याच्यावर सगळे दोन्ही भाषांतून तुटून पडले.

खिडकीशी म्हातारी सिद्धव्वा बसली होती. तिनं सगळ्यांचं होऊ दिलं. मग विचारलं, "म्हैस जितनं आणली, तितं धारंला कोण बसायचं?"

"घरच्या पोरी."

"अन् तुजी सून कुटली?"

"तिकडलीच. आळंदकडली."

"मग आमाला कामून इचारायलीस? तिला इचार की."

"ती बोलतच न्हाई, अक्का. लगीन झाल्यापून घुमीच हाय. 'व्हय' अन् 'न्हाई', बास."

"कन्नडात बी?"

सरुबाई पाटीवर वाकली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "कन्नड आमच्या घरात चालत न्हाई. माजं म्हायेर उदगीरचं, मला कळत न्हाई. माज्या माघारी काय बोलतीय, काय म्हाईत? म्हणून मीच सांगितलेलं. पयल्याच दिवशी."

तिप्पण्णानं उगाच पैशाची पिशवी हलवून पाहिली.

"तिप्पण्णा, गाडी थांबीव."

"अक्का, हुमनाबाद लई लांब हाय अजून."

"थांबीव म्हणतेय न्हवं? सिद्धव्वा, एवढी वांगी इकून टाक माजी."

ती रस्त्यावर उतरली, पदर डोक्यावर घेतला आणि भर उन्हात घराकडे चालू लागली.

धारेच्या वेळी तिनं सुनेला हाक मारली. गंगम्मा हातातला झाडू घेऊनच गोठ्याच्या दारात आली.

"हिची धार काढ. तुमच्यात जसं बोलतेत, तसं बोल हिच्याशी."

गंगम्मानं दाराबाहेर उभ्या सासऱ्याकडे पाहिलं, मग सासूकडे.

"माज्याकडं काय बगायलीस? मीच म्हणायलेय. बोल."

गंगम्मा जपून खाली बसली. म्हशीच्या पोटाला तिनं कपाळ टेकवलं.

"बा तंगी," ती पुटपुटली. "बा."

म्हशीचा कान वळला. गंगम्मा आणखी काही बोलली, मग आणखी. आधी शब्द अडखळत होते, नंतर ते थांबेनात. सरुबाईला त्यातला एखादाच कळत होता. तंगी म्हणजे धाकटी बहीण, अव्वा म्हणजे आई, हे तिला ठाऊक होतं. अव्वा पुन्हा पुन्हा येत होती. नम्मूर येत होतं, आमचं गाव. मध्येच आवाज चिरकला, गंगम्मानं खांद्यालाच डोळे पुसले आणि बोलणं चालूच ठेवलं. हे म्हशीला सांगायचं बोलणं नव्हतं, एवढं कळायला कन्नड यावं लागत नव्हतं.

आणि चरवीत पहिली धार वाजली.

"हालु आलं का गं?" गुंडेरावांनी बाहेरून विचारलं.

"आलं."

"मग एवढा येळ काय बोलायलीय ती?"

"हाल सांगायलीय," सरुबाई म्हणाली. "आत येऊ नगा. सांगू द्या तिला."

चरवी काठोकाठ भरत आली. सासू जवळ आली तशी गंगम्मा बोलायची थांबली, तिचे हातही थांबले. सरुबाई घरात गेली, चरवीहून मोठं भांडं घेऊन आली आणि सुनेसमोर ठेवलं.