ओठ ओले होण्यापुरतं

"लिहा, आईनं चोरून पाणी पाजलं," श्रीपाद डॉक्टर म्हणाले.

सौदामिनी सिस्टरचा पेन हलेना. हर्नियाच्या ऑपरेशनला आलेला रेणापूरचा बसवंत सकाळी गेला होता. भूल देताच उलटी झाली, पोटातलं पाणी श्वासात गेलं. बावीस वर्षांचा गडी, बघता बघता निवला.

भूल द्यायची म्हणजे रात्रीपासून पोटात थेंब नको. ते राखायचं काम सिस्टरचं.

दाराशी त्याची आई शांतम्मा बसली होती. "म्या न्हाई पाजलं," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

"सगळ्या आया असंच म्हणतात," डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "लातूर आता जिल्हा झालाय, सिस्टर. चौकशीवाला उस्मानाबादहून यायचा नाही, पलीकडच्या गल्लीतून येईल. नोकरी जाईल तुमची."

सौदामिनीला पहाटेची खाट दिसली. गावातल्या विहिरी आटलेल्या, टँकर चार दिवसांनी यायचा. पण बसवंतचे ओठ त्या विहिरींहून कोरडे, भेगाळलेले. "अक्का, जीभ टाळूला चिकटून राहिली," तो म्हणाला होता. माय खाटेखाली झोपलेली. सौदामिनीनं इकडंतिकडं पाहिलं, आणि पाखराच्या पिलाला भरवावं तसं दोन चमचे पाणी त्याच्या तोंडात सोडलं.

"पाणी मी पाजलं, डॉक्टर."

"किती?"

"दोन चमचे."

"खुळ्या आहात का? दोन चमच्यांनी माणूस मरतो होय?"

"ते मला ठाऊक नाही. पण त्या माउलीच्या माथी पोराचं मरण मी मारणार नाही."

तिनं कागदावर स्वतःचं नाव लिहिलं, खाली सही केली. मग दाराशी जाऊन शांतम्मापुढं बसली.

"माय, तुमच्यावरचा आळ गेला. पाणी मी पाजलं होतं. काय बोलायचं ते मला बोला."

 शांतम्मानं पदराच्या शेवानं सिस्टरचेच डोळे पुसले.

"नको गं बाई, तुज्या जिवाला घोर नको. तू दोन चमचे पाजलंस, ते म्या खाटेखालून बघितलं की. म्हणलं, सिस्टरच पाजाय लागली म्हंजी पानी चालतंय." तिनं पदर हातातून सोडला. "मग तू गेल्यावर म्या त्याला तांब्याभर पाजलं."