गिटार फोडणारा बाप

पडद्यावर रेखाटलेल्या बापाला भल्यामोठ्या मिशा होत्या. त्यानं गिटार डोक्यावर उचलली, धुण्याच्या दगडावर आपटली आणि थेटरात एकच कालवा झाला.

"मारो इसको!" मागून कुणीतरी ओरडलं.

सर्जेरावांनी ओठावरून बोट फिरवलं. उभ्या हयातीत त्यांनी मिशा ठेवल्या नव्हत्या. पोरानं, सम्यकनं, फक्त बाप कडक होता एवढंच सांगितलं असेल, बाकीचं चित्र काढणाऱ्यानं आपल्या मनानं घातलं असणार. शूटिंगवाले घरी आले तेव्हा आपणच दाराला कुलूप लावून गंगापूरला मालनच्या माहेरी जाऊन बसलो होतो, मग आता तक्रार कुणाकडे करायची?

शेजारी मालनबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. त्यांचा एकटीचा तरुणपणीचा फोटो पडद्यावर आला, तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्याखाली सम्यकचा आवाज होता, "आईनं मला कधीच अडवलं नाही."

रॉकच्या गाण्यांनी देशभर नाव काढलेला हा सम्यक त्यांचा एकुलता एक. प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी तो एक गिटार फोडतो, आणि ती कुणाच्या नावानं फोडतो हे आता सगळ्यांना माहीत झालं होतं. "बापानं माझी गिटार फोडली नसती, तर मी आज कुठंतरी नोकरी करत असतो," तो पडद्यावर म्हणाला. "माझं पहिलं गाणं त्याच दिवशी आलं."

पिक्चर संपला. बाहेर येईस्तोवर सर्जेरावांचे गुडघे बोलायला लागले. एवढ्या आवाजानं डोकंही जड झालं होतं. त्यांना फक्त चहा हवा होता.

पण दाराशी तनुजा नावाची एक मुलगी मोबाईल धरून उभी होती. काळ्या टी-शर्टवर तिचं नाव आणि सम्यकचं तोंड छापलेलं.

"प्रतिक्रिया द्या, प्रतिक्रिया! सम्यक सर स्वतः बघणार आहेत, एकेक क्लिप!"

"एकदम कडक," एक पोरगा म्हणाला. "गाने तो है ही, पर उसका बाप देखा क्या? असा बाप दुश्मनालाही नको."

एक बाई डोळे पुसत म्हणाली, "मी घरी गेल्याबरोबर माझ्या मुलाचा तबला माळ्यावरून खाली काढणार आहे."

मालनबाईंनी सर्जेरावांची बाही ओढली. "अवो, त्यो बघणार हाय म्हणती पोरगी. आज सांगा. तुम्हाला जमत नसंल तर मी सांगते."

सांगायचं काय, तर एवढंच. एकोणीस वर्षांपूर्वी जयंतीच्या आधी दोन दिवस मालनबाईंनी वर्षाच्या रिवाजाप्रमाणे सगळं घर धुतलं. भांडी, गोधड्या, बाबासाहेबांच्या तसबिरीची काच, आणि पोराचा जीव ज्याच्यात होता ते वाजवायचंही. निरम्याचा फेस करून आतूनबाहेरून घासलं आणि एप्रिलच्या उन्हात पत्र्यावर वाळत घातलं. संध्याकाळी सर्जेराव एसटीच्या वर्कशॉपातून आले, तेव्हा गिटारीचं पोट उकललं होतं आणि बाई जिन्याशी बसली होती. "पोरगं जलमभर बोलायचं नाय माझ्याशी," एवढंच म्हणत होती. सर्जेरावांनी गिटार खाली काढली, दगडावर एकदा आपटली आणि पोरगा येताच सांगितलं, "म्या फोडली. कॉलेज बुडवून वाजवतो का?"

महिनाभर रुसेल आणि विसरेल, असं वाटलं होतं. पण पोरगं त्याच आठवड्यात पुण्याला गेलं आणि परत घराची पायरी चढलं नाही. आईला फोन येतो. फोन आला की सर्जेराव आपणहून अंगणात जातात. आता अंगणात जाऊन जाऊन ते थकले होते.

"काका, तुम्ही?" तनुजानं मोबाईल त्यांच्यासमोर धरला. "त्या वडिलांना काय सांगाल?"

"म्या—" मालनबाई पुढं झाल्या.

सर्जेरावांनी त्यांचा हात घट्ट धरला आणि स्वतः मोबाईलपुढं उभे राहिले. आता ह्या काचेतून पोरगं आपल्याला बघणार. आपले केस पिकलेत हे त्याला ठाऊक तरी असेल का? त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"गाणी चांगली हायेत," ते म्हणाले. "आवाज लई मोठा, पण चांगली हायेत." मग म्हणाले, "बापानं फोडायला नको व्हती."

"मस्त, काका!" म्हणत तनुजा पुढच्या माणसाकडे वळली.

समोरच्या टपरीवर चहा आला. मालनबाईंचा बांधच फुटला. "का वो असं? एका शब्दानं पोरगं घरी आलं असतं. किती दिस शिव्या खाणार माझ्यापायी?"

"तुझ्यापायी खाल्ल्या, खोटं कशाला बोलू? पर आज नाय."

"मंग?"

सर्जेरावांनी चहा बशीत ओतला. "मालन, दोन तासांचा पिच्चर झाला. त्यात मी कुठं हाय? तेवढं फोडण्यातच हाय. तेवढंबी काढून घेतलं, तर त्याच्या गाण्यात माझं काय ऱ्हातंय?"

रस्त्यावरून काळ्या टी-शर्टातली पोरं सम्यकचं गाणं ओरडत गेली.

मालनबाईंनी विचारलं, "आन त्या मिशा?"

"ऱ्हाऊ दे," सर्जेराव म्हणाले. "बऱ्या दिसत्यात."