तेवढं काढ

“तां काढून टाक,” रमण सावंत म्हणाले.

अजिंक्यने अजून बूटही काढले नव्हते. इतक्या वर्षांनी तो अमेरिकेहून मस्कतला आईबापांच्या घरी आला होता आणि बापाचं पहिलं वाक्य हे.

“बाबा, पाणी तरी पिऊ द्या.”

“पी. पण तां काढ.”

काय काढायचं, हे विचारायची गरजच नव्हती. अजिंक्यचं इंग्रजी नाटक शिकागोत गाजलं, मग त्याची मालिका झाली, आणि ओमानभर, सोहारपासून सलालाहपर्यंतच्या मराठी घरांत ती चवीने बघितली गेली. नाटकातला बाप आखातात गॅरेजचा फोरमन आहे. मुलगा म्हणतो, मला नाटकं लिहायचीत. बाप ग्रीस लागलेल्या हाताने, सगळ्या मेकॅनिकांसमोर, त्याच्या थोबाडीत देतो. मुलगा घर सोडतो.

रमणही गाला भागातल्या एका गॅरेजमध्ये फोरमन होते. थोबाडीत खरी होती, ग्रीसही खरं होतं. सगळ्या ओमानला कळलं, आता झाकणार काय?

“लोक हसतात का तुम्हाला?” अजिंक्यने विचारलं.

“हसले असते तर बरां झाला असता.”

आई, प्रेमा, पाणी घेऊन आली. “ह्यांच्या अर्बाबान पण बघितल्यान,” ती हळूच म्हणाली. अर्बाब म्हणजे गॅरेजचा ओमानी मालक. “खांद्यार हात ठेवन म्हणालो, रमण, गुड फादर. तेवापासून नीट जेवाक नाय.”

मालकाने चांगलाच टोमणा मारला, अजिंक्यला वाटलं. पण त्याला दया आली नाही, संताप आला. अमेरिकेत त्याने हॉटेलात भांडी घासली होती. तळघरातल्या थिएटरांत रिकाम्या खुर्च्यांसमोर नाटकं केली होती. टीव्हीवर दुसऱ्यांच्या मालिकांसाठी विनोद लिहून दिले होते. मग एकदा चिडून ती थोबाडीत लिहिली आणि लोकांनी त्याला लेखक मानलं. आता ज्याने मारली, तोच म्हणतो काढ.

“त्यात तेवढंच तर खरं आहे, बाबा. बाकी सगळं मी बनवलंय.”

“म्हणानच सांगतंय.”

“नाटक आहे ते. रिपोर्ट नाही.”

“त्यातलो बाप मीच. माका इचारलंस?”

“मारताना तुम्ही मला विचारलं होतं?”

रमणच्या कपाळाची शीर ताडताड उडत होती. घरात बापाला असं कोणी कधी बोललं नव्हतं.

“शेवट तरी बघितलात का?” अजिंक्यचाही आवाज चढला. “तिकडे लोक रडतात त्या बापासाठी.”

“बघितलंय. दोनदा बघितलंय.” रमणनी टीपॉयवर हात आपटला. “हयचा मराठी मंडळ तां नाटक आता मराठीत करतला. तू त्याच्यासाठीच इलंस ना? मग तां असला तर मी येवचंय नाय. आणि ही पण येवची नाय.”

घाव वर्मी बसला. कारण अजिंक्य मंडळासाठी आलाच नव्हता. शिकागोत टाळ्या खूप मिळाल्या होत्या, पण बापाने त्याचं एकही नाटक समोर बसून बघितलं नव्हतं. पहिल्या रांगेत बाप हवा, एवढ्यासाठी त्याने मंडळाला हो म्हटलं होतं. आणि म्हातारा नेमका तिथेच अडून बसला होता.

त्याने रागारागाने बॅगेतून लॅपटॉप काढला आणि मराठी संहिता उघडली. ज्या प्रसंगावर त्याचं सगळं नाव उभं होतं, तो खोडायचा, कशासाठी, तर या हट्टी माणसाने एका खुर्चीत येऊन बसावं म्हणून. स्वतःचीच त्याला चीड आली.

“ठीक आहे. खलास,” तो म्हणाला. “थोबाडीत काढतो. मग तरी याल?”

रमणनी त्याचा हात अडवला.

“ती कित्याक काढतंस? ती मी मारलंय, ती रवांदे,” ते म्हणाले. “शेवटाक तो बाप माफी मागता ना, ती काढ. ती माका अजून मागूची आसा.”