तीन ते सहा

रविवारी दुपारी तीन ते सहा देखभालीसाठी सर्व्हर बंद राहणार होता. नियमाप्रमाणे सुलक्षणा केळुसकर सर्व्हरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक रहिवाशाला स्वतः फोन करून कळवत होती. यादीत आता तांडेल मास्तरांचं नाव होतं.

"बंद असताना मला काही जाणवेल का हो, बाई?"

"काही नाही, मास्तर. तीन वाजले की लगेच सहा वाजतील."

"मग मला कशाला सांगताय? माझ्या नलूला कळवा. लेक रोज चार वाजता फोन करते."

"नोटीस फक्त आत राहणाऱ्यांना जाते, मास्तर."

"अहो, मी वारलो त्या दिवशीही तिचा फोन असाच वाजत राहिला होता."

सुलक्षणाने देखभालीच्या तक्त्यातली तीनची वेळ खोडली.

"किती वेळ बोलता तुम्ही दोघं?"