सावड

कॉलेजात समाजसेवा सक्तीची करायची की नाही, यावर प्राचार्यांच्या बैठकीत मतं समसमान पडली होती. विद्यार्थी प्रतिनिधी अश्विनीचं तेवढं उरलं होतं. "सक्तीनं सेवेची वेठ होते, सर. ज्याच्या मनात येईल त्यानं करावी," ती तावातावानं म्हणाली. काल घरी आईलाही तिनं हेच ऐकवलं होतं. आज तुमच्या वावरात आम्ही, उद्या आमच्या वावरात तुम्ही, अशी गावची सावड. पण काल आईऐवजी शेजारच्या प्रयागबाईंच्या कांदालागणीला जायचं सोडून ती हे भाषण लिहीत बसली होती. बैठकीतच आईचा फोन आला. "बांधावर रोपांनी माना टाकल्यात. आपल्या लागणीला एकबी बाई फिरकली न्हाई." "का?" अश्विनीचा आवाज दबला. "कुणाच्या मनात आलं नसंल." फोन बंद झाला. "मग सक्ती नको ना? हात वर कर," प्राचार्य म्हणाले. अर्ध्यावर थांबलेल्या तिच्या हाताच्या नखांत मातीचा कणही नव्हता.