रंगनाथकाकांचा आड

रंगनाथकाकांनी मेलेले बेडूक आडाच्या काठावर ओळीने मांडून ठेवले होते. वरून ओलं गोणपाट घातलं होतं, ऊन लागू नये म्हणून. राजूरकडून आलेली जीप थांबली तसे ते पुढे आले. एकवीस आहेत म्हणाले, दोनदा मोजलेत, ताईंना सगळं मोजूनच लागतं.

जीपमधून उतरलेल्या भार्गवीने गोणपाट उचललं आणि ब्लीचिंग पावडरीचा वास नाकाला झोंबला. पुढचं कुणी सांगायची गरजच उरली नाही.

चूक तिचीच. मागच्या खेपेला चहा घेताना तीच बोलून गेली होती, की या आडातल्या बेडकांच्या पोटात जंत आहेत, त्यांच्यापायी मादीच्या पोटात अंडी धरत नाहीत. तिला जंत नसलेली एक मादी हवी होती. एकच, पण जिवंत, आणि याच पाण्यातली. तिच्या जिवंत पेशी जंतवाल्या मादीच्या पेशींशेजारी ठेवून बघितल्या, की दोन वर्षांचं संशोधन तडीला गेलं असतं. महिनाअखेर मुदत संपत होती.

आता काका कोण? ग्रामपंचायतीत तीस वर्षं पाणी सोडणारे. पाण्यात जंत म्हटलं की टीसीएल पावडर टाकायची, हे त्यांच्या हाताला पाठ. पोरीच्या जिवाला घोर लागलाय हे त्यांना बघवेना. काल सकाळी गुडघा धरत धरत आडापर्यंत गेले आणि दोन किलो पावडर कालवून आले. एवढ्याने काय होतंय म्हणून संध्याकाळी आणखी एक किलो.

"अहो काका, पावडरीनं मेले ते," ती म्हणाली. आवाज चढवायचा होता, चढला नाही.

"न्हाई वो ताई. हे पानी मानसं पित्यात, त्यान्ला काय हुत न्हाई. जंतच लई हुते. औषध लागू पडायच्या आधीच गेले बिचारे."

या माणसावर रागवायचं तरी कसं? तिला रडू येत होतं आणि रडायचीही सोय नव्हती, कारण समोर काकांचेच डोळे भरून आले होते. तिने पेटी उघडली आणि काठावर बसून एकेक बेडूक चिरायला घेतला. उपयोग काही नव्हता. रात्रभर त्या पाण्यात पडलेल्या पेशी केव्हाच संपल्या होत्या. पण नुसतं बसून तरी काय करणार?

जंत. जंत. पुन्हा जंत.

सतरावी मादी होती. तिचं पोट उघडलं आणि भार्गवीचा हात थांबला. आतडी निर्मळ. जंताचा मागमूस नाही. दोन्ही बाजूंना मोहरीसारखी काळीभोर अंडी, ठासून भरलेली. दोन वर्षं तिने हिलाच शोधलं होतं. परवापर्यंत ही इथेच पोहत असणार.

सत्यशीलाकाकू चहा घेऊन आल्या त्या तिच्या खांद्यावरून वाकून बघू लागल्या.

"हिच्यात अंडी हायेत का गं?"

"आहेत काकू. भरपूर आहेत. जंत एकही नाही."

रंगनाथकाकांनी डोळे पुसले. बायकोकडे बघून म्हणाले, "बघ, म्हनलं न्हवतं मी? एक तरी बरी झाली."